ओटीचे ब्लाऊजपीस, कटपीस आणि उरलेले तुकडे: स्वतः पॅटर्न काढून घरी कपडे कसे शिवायचे

आपल्याकडे गोव्यात कुठल्याही घरातलं कपाट उघडा, ओटीतून आलेल्या ब्लाऊजपीसचा एक गठ्ठा हमखास सापडतो. हळदीकुंकू, बारसं, जत्रा, लग्न, दरवेळी एकदोन वाढतात, त्यातले निम्मे परत दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत जातात आणि उरलेले तसेच पडून राहतात कारण त्या रंगाची साडीच नसते. त्यात पडद्यांचं उरलेलं, जुन्या नायटीचा चांगला राहिलेला घेर, नवऱ्याचा कॉलर झिजलेला शर्ट, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून स्वस्त मिळाले म्हणून उचललेले कटपीस, असं सगळं धरलं तर बहुतेकींच्या घरात चारपाच कपड्यांचं कापड आत्ता ह्या क्षणी आहे. फक्त ते सलग नाही, तुकड्यात आहे, आणि म्हणून टेलरकडे नेलं तर तो म्हणतो ह्यात होणार नाही. त्याचं चुकत नाही, त्याला ठरलेल्या पद्धतीने भराभर कापायचं असतं, तुमचा एकेक तुकडा फिरवून बघत बसायला त्याला वेळ कुठला, आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी तर विचारूच नका.

स्वतः पॅटर्न (कागदावरचा साचा) काढायचा फायदा इथे आहे. फिटिंग वगैरे नंतरची गोष्ट, मुख्य म्हणजे जोड कुठे घ्यायचा हे आपण ठरवू शकतो. कापड कमी पडतंय? खांद्याखाली योक (वरचा वेगळा तुकडा) काढा, बाजूला कळी (निमुळती पट्टी) घाला, बाहीला काखेत जोड द्या. पॅटर्न आपला असला की कुठेही कापून दोन करता येतो, फक्त कापलेल्या दोन्ही बाजूंना मार्जिन (शिलाईच्या बाहेरचं जास्तीचं कापड) वाढवायचं. म्हणून पहिला नियम, कागदावरचा पॅटर्न नेहमी मार्जिनशिवाय काढायचा, म्हणजे जिथे शिलाई येणार तीच रेघ. मार्जिन कापडावर खडूने वाढवायचं. टेलर लोक डायरेक्ट कापडावर मार्जिनसकट काढतात, त्यांचा हात बसलेला असतो, पण तुकड्यांच्या कामात मार्जिन कुठे अर्धा इंच, कुठे एक, कुठे जेमतेम पाव असं जागेप्रमाणे बदलत राहतं, आणि कागदावर मार्जिन धरलेलं असलं की सगळा घोळ होतो.

पण कागदाच्या आधी कापड. सगळे तुकडे बाहेर काढा आणि धुवा, नवे असले तरी. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटतं, आणि एक आटलेला तुकडा एका न आटलेल्याला जोडला तर पहिल्या धुण्यानंतर जोडावर चुण्या पडतात त्या इस्त्रीनेही जात नाहीत. लाल, मरून आणि गडद हिरवे ब्लाऊजपीस रंग सोडतात हे गृहीतच धरा. ओला कोपरा पांढऱ्या रुमालात धरून वरून गरम इस्त्री दाबा, रुमालावर डाग आला तर अजून धुवा, आणि दोनतीन धुण्यांनंतरही येत असेल तर तो तुकडा पांढऱ्याला किंवा फिकट कापडाला जोडू नका, गडदला गडद जोडा. पावसात हे काम काढत असाल तर तुकडे पूर्ण सुकल्याशिवाय घडी करून ठेवू नका, जून ते सप्टेंबर आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते सुती कापडावरून सहसा निघत नाहीत.

मग कापड कुठलं आहे ते बघायचं. ओटीतले पीस दिसायला सगळे सारखे पण बऱ्याचदा पॉलिस्टर मिक्स असतात. काठाचा एक धागा काढून जाळून बघा (सिंकवर, चिमट्यात धरून). कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते, पॉलिस्टर वितळून आकसतं आणि कडक काळी गोळी बनते, मिक्स असेल तर दोन्हीचं थोडं थोडं. एप्रिल-मे मधल्या घामाला पॉलिस्टरचा टॉप म्हणजे शिक्षा आहे, ते कापड पिशवी, उशीचं कव्हर किंवा मुलीच्या परकरासाठी बाजूला ठेवा. अंगाला लागणाऱ्या कपड्याला सुतीच.

आता मोजा. ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटीमीटरचा असतो, काही एक मीटरचे. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंचाच्या आसपास किंवा ४४ इंच. प्रत्येक तुकड्यावर टाचणीने चिठ्ठी लावा, लांबी किती, पन्ना किती, आणि किनार (थानाची विणलेली पक्की कड) कुठल्या बाजूला. किनारीला समांतर जाणारा तो उभा धागा, कपड्याची उभी दिशा तीच ठेवायची. किनार कापून गेलेली असेल तर कापड दोन्ही दिशांनी ओढून बघा, ज्या दिशेला कमी ताणलं जातं तो बहुतेक उभा धागा. योक, खिसा, पट्टी असल्या छोट्या भागांना आडवा चालतो, पण पुढचा भाग आणि पाठ उभ्यातच, नाहीतर टॉप खाली लोंबत जातो आणि घेर वाकडा दिसतो.

सुरुवात सैल टॉपने करा. ब्लाऊजने करू नका. ब्लाऊज छोटा असतो म्हणून सोपा वाटतो पण तो सगळ्यात अवघड कपडा आहे, पाव इंच इकडे तिकडे झाला की काखेत ओढतो. सैल टॉप चुका पोटात घालतो.

मापं स्वतःची स्वतः घेऊ नका, हात वर केला की छातीचं माप बदलतं, घरातल्या कुणालातरी टेप धरायला लावा. खांदा ते खांदा पाठीमागून, छाती सगळ्यात भरलेल्या जागी, सीट (कुल्ल्यांचा घेर), टॉपची लांबी मानेच्या बाजूला खांदा सुरू होतो तिथून, आणि दंडाचा घेर. उदाहरणाला छाती ३६, सीट ३८, खांदा १४, लांबी २७ धरू, तुमचे आकडे तिथे तिथे घाला.

कागद म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं बेस्ट, जाड असतात आणि मागची बाजू कोरी. दोन चिकटवली की टॉपचा अर्धा भाग बसतो. वर्तमानपत्र चालतं पण शाई फिकट कापडाला लागते. कागदाची डावी कड म्हणजे अंगाचा मध्य, घडीची बाजू. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आडवं ३ इंच, हा गळ्याचा अर्धा (छातीचा बारावा भाग). त्याच वरच्या रेघेवर कोपऱ्यापासून ७ इंच, हा खांद्याचा अर्धा, आणि तिथून खाली १ इंच उतरून खूण, कारण खांदा उतरता असतो. गळ्याची खूण आणि ही खूण जोडली की खांद्याची रेघ झाली. मग वरच्या रेघेपासून ८.५ इंच खाली छातीची रेघ. तिच्यावर किती जायचं? छाती ३६ अधिक लूजिंग (मोकळेपणासाठी जास्तीचं) ४, झाले ४०, त्याचा चौथा भाग १०. तिथे खूण. खाली सीटच्या जागी ३८ अधिक ४ म्हणजे ४२ चा चौथा भाग १०.५, आणि छातीपासून तिथपर्यंत सरळ रेघ ओढून तशीच खालपर्यंत न्या. कंबरेला आत घ्यायचा मोह आवरा, पहिल्या टॉपला नको.

मुंढा, म्हणजे बाही जिथे लागते ते वळण, असा काढायचा. खांद्याच्या टोकापासून साधारण अर्ध्या उंचीपर्यंत जवळजवळ सरळ खाली यायचं, पाठीला मध्यापासून पावणेसात इंचावरून आणि पुढच्या भागाला सव्वासहा इंचावरून, आणि तिथून गोल वळून छातीच्या खुणेला टेकायचं. पुढचा मुंढा पाठीपेक्षा अर्धा इंच जास्त खोल कारण हात पुढे येतात, हे विसरलं की पुढे काखेजवळ कापडाचा फुगा राहतो. गळा पाठीला १ इंच खोल, पुढे साडेपाच. आधी लहानच ठेवा, मोठा कधीही करता येतो.

छाती जरा भरलेली असेल तर एक गोष्ट मुद्दाम करा, बऱ्याच जणी सोडून देतात. टॉप पुढून वर उचलला जातो आणि पाठीमागे लांब दिसतो ना, ते ह्यामुळे. पुढच्या भागाची लांबी पाऊण ते एक इंच वाढवायची, आणि जेवढी वाढवली तेवढाच टक्स (कापड दुमडून मारलेली निमुळती शिलाई) बाजूच्या शिलाईत, काखेखाली दोनेक इंचावर घ्यायचा, टोक छातीच्या दिशेने पण तिथपर्यंत न पोचता एक-दीड इंच अलीकडे थांबायचं. आता पुढची आणि पाठीची बाजू परत सारख्या लांबीची झाली आणि मध्ये छातीला जागा मिळाली. सैल टॉपलाही ह्याने फरक पडतो, अंगावर घातल्या घातल्या कळतं.

बाहीसाठी आधी मुंढे मोजायचे, टेप उभी धरून वळणावरून, पुढचा आणि पाठीचा मिळून. ह्या मापात १८ च्या आसपास येतील. त्याचा अर्धा ९, त्यातून पाव इंच कमी करून पावणेनऊ. बाहीची गोलाई ४ इंच उंच ठेवायची. कागदावर घडीच्या कडेपासून आडवी रेघ, तिच्यावर ४ इंच उंचीवर टोक, आणि त्या टोकापासून पावणेनऊची तिरकी पट्टी आडव्या रेघेला जिथे टेकेल तिथपर्यंत बाहीची अर्धी रुंदी, इथे पावणेआठच्या आसपास येते, म्हणजे पूर्ण बाही साडेपंधरा. तिरक्या रेघेवर वरच्या अर्ध्यात थोडं बाहेर फुगवून आणि खालच्या अर्ध्यात थोडं आत घेऊन वळण काढा. बाही जास्त मोकळी हवी असेल तर गोलाई ४ ऐवजी ३ करा, रुंदी आपोआप वाढते आणि हात वर करायला सोपं जातं. दंडाच्या मापापेक्षा निदान दोन इंच जास्त रुंदी आहे ना तेवढं बघा.

पॅटर्न झाला की एखाद्या जुन्या चादरीवर किंवा फाटक्या लुंगीवर कापून मशीनवर मोठ्या टाक्याने जोडून अंगावर घालून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ओटीचा पीस एकदाच कापता येतो. हात वर करा, खाली बसा, पुढे वाका, आणि जे काही बदलाल ते लगेच कागदावर बदला, डोक्यात ठेवू नका.

आता कापडाची गंमत. पाठ किंवा पुढचा भाग, दोन्ही बाजूंना एकेक इंच मार्जिन धरून २३ इंच रुंद आणि वर खांद्याचं अर्धा, खाली दुमडीचं एक धरून साडेअठ्ठावीस इंच लांब. (टक्सवाला पुढचा भाग अजून इंचभर लांब.) ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, धुऊन आटल्यावर तीस-साडेतीस उरतात, म्हणजे एका ब्लाऊजपीसमध्ये एक भाग आरामात बसला. दोन ब्लाऊजपीस म्हणजे एक टॉप, पुढे एक रंग, पाठीला दुसरा. ४४ पन्ना असेल तर बाजूला २१ इंच उरतात, बाहीला मार्जिनसकट साडेसोळा लागतात, प्रत्येक पीसमधून एक बाही निघाली. ३६ पन्न्यात मात्र १३ च उरतात, तर बाहीला काखेच्या बाजूला चार-साडेचार इंचाची पट्टी जोडायची, जोडाचं मार्जिन धरून. हात खाली असताना तो जोड कुणालाही दिसत नाही. जुने शिंपी लांब बाहीला असा जोड सर्रास द्यायचे.

उरलेल्यातून उरेब (तिरक्या धाग्यात कापलेल्या) पट्ट्या काढा, गळ्याला लागतात. कापडाचा कोपरा असा दुमडा की उभा धागा आडव्या धाग्यावर येईल, ती घडी म्हणजे बरोबर तिरकी दिशा, तिला समांतर सव्वा ते दीड इंच रुंद पट्ट्या. सरळ पट्टी गोल गळ्याला लावली की गळा उभा राहतो आणि चुण्या पडतात, उरेब मुकाट्याने वळते. लावताना पट्टी किंचित ताणून धरा, गळा मात्र ताणू नका.

तुकडे जोडून मोठं कापड बनवायचं असेल तर एकच सांगते, जोड मुद्दाम घेतल्यासारखा दिसला पाहिजे. बाजूला कुठेतरी लपवलेला तीन इंचाचा ठिगळासारखा तुकडा वाईट दिसतो, तोच जोड दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर घेतला की डिझाईन. पुढे योक वेगळा घेतला तर बाहीची कड किंवा खिसा त्याच कापडाचा ठेवा. तीनपेक्षा जास्त प्रिंट एका टॉपमध्ये नकोत, आणि त्यातलं एक तरी प्लेन असू दे. कुणबी साडीचे लाल चौकडीचे तुकडे कुणाकडे असतील तर ते पूर्ण टॉपसाठी पुरवत बसण्यापेक्षा योक, खिसा किंवा बाहीच्या कडेला वापरा, प्लेन पांढऱ्यावर किंवा काळ्यावर फार उठून दिसतात. (गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी परत लोकांच्या नजरेत आणल्यापासून हौसेने घेणारे वाढलेत, तेव्हा जुनी घरात असेल तर ती अख्खी असताना कापायच्या आधी आईला, सासूला नीट विचारा.) चौकडी जोडताना रेघेला रेघ मिळवायची, आधी टाचण्या प्रत्येक रेघेवर, मग कच्चा टाका, मग मशीन.

शिवायचा क्रम: आधी सगळे जोड, मग टक्स, खांदे, गळा, बाह्या सपाट असतानाच मुंढ्याला लावायच्या, आणि शेवटी बाहीच्या कडेपासून खाली सीटपर्यंत एकच लांब शिलाई. बाही लावायच्या आधी बाजू शिवल्या तर गोलात गोल बसवायला लागतं, नवीन हाताला ते त्रासाचं. बाजूला कट ठेवायचा असेल तर शेवटचे चार-पाच इंच उघडे. प्रत्येक शिलाईनंतर इस्त्री, आळस करू नका, घरचा शिवलेला कपडा घरचा दिसतो तो बहुतेक वेळा इस्त्री न केल्यामुळे.

घरी ओव्हरलॉक (कापलेल्या कडा गुंफणारं मशीन) नसतं आणि ब्लाऊजपीसचं कापड फार सुटतं. त्यासाठी शिलाई करून एका बाजूचं मार्जिन अर्धं कापायचं, दुसरं त्याच्यावर दुमडून झाकायचं आणि कडेने वरून अजून एक शिलाई मारायची. शर्टाच्या बाजूला असते तशी. मजबूत होते आणि आतून स्वच्छ दिसते. पण एका जागी तीनचार थर आले तर पावसात ते सुकत नाहीत आणि वास मारतात, म्हणून काखेत जिथे जोड जास्त येतात तिथे मार्जिन उघडून दोन्हीकडे इस्त्री करा आणि कडा नुसत्या बारीक दुमडून शिवा.

मशीन कुठलीही चालेल, उषाची जुनी काळी पायमशीन असेल तर उत्तम, पावसात लाईट गेली तरी काम थांबत नाही. साध्या सुतीला १४ नंबरची सुई, मलमलसारख्या पातळाला ११, पडद्याच्या जाड कापडाला १६. टाका मध्यम, अडीच मिलीमीटरच्या आसपास. आपल्या दमट हवेत सुया गंजतात, गंजलेली सुई कापडाचे धागे ओढते, तेव्हा बदला, काटकसर तिथे नको. तेल घातल्यावर आधी चिंधीवर दोन हात शिलाई मारा आणि मग चांगलं कापड घ्या.

टॉप जमला की मुलीचा परकर करा, तो खरंतर सगळ्यात सोपा, पॅटर्नच लागत नाही. कंबर २० असेल तर घेर कंबरेच्या अडीचपट, ५० इंच. दोन ब्लाऊजपीस आडवे जोडले की पुरतो, खाली जुन्या साडीचा काठ लावा. नाडीचा नेफा वर दीड इंच दुमडून. आणि काठाच्या थोडं वर आतल्या बाजूने अर्ध्या अर्ध्या इंचाचे दोन टक (आडव्या दुमडी) घालून ठेवा, प्रत्येक टकात एक इंच कापड जातं, पुढच्या चवथीला उसवले की परकर दोन इंच लांब झाला, पोर तेवढी वाढलेली असतेच. झिजलेल्या कॉलरच्या शर्टाची पाठ पोलक्याला होते, आणि शर्टाची बटणपट्टी आयती मिळते ती पोलक्याच्या पाठीला तशीच वापरा, काजं करायचा त्रास वाचला.

अजून तुकडे हवे असतील तर ओळखीच्या टेलरबाईकडे मागा, चवथीच्या आणि लग्नाच्या सिझननंतर त्यांच्याकडे पिशव्या भरून पडलेले असतात, ऐन गर्दीत जाऊ नका. मडगावच्या न्यू मार्केटात आणि म्हापशात कापडवाल्यांकडे थानाच्या शेवटी उरलेलं मीटर-दीड मीटर असतं, विचारलं तर काढून देतात, पण उजेडात उलगडून मधे भोक किंवा उन्हाने उडालेली घडीची रेघ नाही ना ते बघून घ्या.

आणि पॅटर्न जपून ठेवा. प्रत्येक कागदावर कुणाचा, छाती किती, कधी काढला, उभ्या धाग्याचा बाण, आणि मोठ्या अक्षरात "मार्जिन धरलेलं नाही", कारण सहा महिन्यांनी हे आठवत नाही. घडी घालू नका, गुंडाळी करून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि आत दोन डांबरगोळ्या टाका, कसर कागदावर आधी जाते.